उन्हांतून गारवा



आजच्या भाषणाचा मथळा ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हसूं आलें असेल. उन्हापासून घाम मिळतो, तहान मिळते, फार तर पापड वाळतात. परंतु उन्हापासून गारवा मिळवावयाचा, हें विस्तवापासून बर्फ करण्यापैकींच नव्हे काय? तथापि मला सांगावयाचें आहे तें असें कीं, ही गोष्ट करणारीं दोन्ही साधनें आपल्या घरांत केव्हांच येऊन बसलीं आहेत. एक स्वयंपाकघरांत घुमतें, दुसरें गच्चीवर मुकाट्यानें ऊन खात पडलेलें असतें. या दोघांचें लग्न लावलें तर संसार कसा होईल, एवढाच आजचा विषय आहे.

हा विषय मला सुचविला तो माझ्या मामांनीं. मामा चाकुरास राहतात. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें तालुक्याचें गांव. मामांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, लग्न होऊन स्वीडनला गेली. तिनें एकदां फोनवर सांगितलें कीं, तिच्या घरीं बाहेर बर्फ पडत असतांना उष्णता-पंप नांवाचें यंत्र घर ऊन ठेवतें. इकडे लातूरच्या एका मिस्त्रीनें मामांना सांगितलें कीं, उन्हाळ्यांत खोली गार करणारें ए. सी. म्हणजे तेंच यंत्र. मामा मला म्हणाले, “अरे, पोरगी म्हणते यंत्र घर ऊन करतें, मिस्त्री म्हणतो गार करतें. दोघांतलें खोटें कोण बोलतंय, तेवढें सांग. आणि माझ्या स्लॅबवर मी काय बसवूं, तेंही सांग.” मामांच्या या दोन प्रश्नांचीं उत्तरें देतां देतां आपलें भाषण पुरें होईल असें वाटतें.

दुसऱ्या प्रश्नापासून, म्हणजे स्लॅबपासून, आरंभ करूं. कारण खरें दुखणें तेथें आहे.

मामांचा जुना वाडा मीं लहानपणीं पाहिला आहे. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, त्यांवर फळ्या, आणि त्यांवर दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. याला आमच्याकडे माळवद म्हणतात. मे महिन्यांत भर दुपारीं बाहेरून आंत पाऊल टाकलें कीं, डोळ्यांसमोर अंधारी येई आणि अंगाला एकदम थंडावा लागे. त्यांत जादू कांहीं नव्हती. दुपारचें ऊन त्या जाड मातीत शिरून पलीकडे पोंचावयास आठ-दहा तास लागत. तें पोंचे तोंवर रात्र झालेली असे, दारेंखिडक्या उघडलेल्या असत आणि माणसें अंगणांत किंवा खुद्द माळवदावर अंथरूण टाकून निजलेलीं असत. उन्हाला आंत यावयास उशीर करावयास लावणें, ही आपल्या पूर्वजांची युक्ति होती. आणि तिची किंमत होती वजन. दहा फूट लांब नि दहा फूट रुंद अशा खोलीवर दीड फूट माती म्हणजे सहा टनांहून अधिक भार डोक्यावर टांगलेला असे.

तो भार काय करूं शकतो, हें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपण सर्वांनीं पाहिलें. आदल्या दिवशीं गणेशविसर्जन झालें होतें. दमूनभागून गांवेंच्या गांवें झोपलीं होतीं. चार वाजावयास कांहीं मिनिटें असतां किल्लारी-सास्तुराकडची जमीन हादरली. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुगून फाकल्या, आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारों जीव गेले. चाकुरास तेवढी हानि झाली नाहीं. पण माझी आजी त्या पहाटेपासून माळवदाखालीं निजली नाहीं. पुढें वाडा उतरवून मामांनीं कॉलमचें, विटांचें, पातळ स्लॅबचें घर बांधलें. आजी त्या घरांत शेवटपर्यंत राहिली. उन्हाळ्यांत स्लॅब रात्रीं दहा वाजेपर्यंत ऊन ओकत राही, ती पदरानें वारा घेत बसे, पण कोणी माळवदाच्या गारव्याची आठवण काढली तर म्हणे, “उकडतंय तर उकडूं दे, बाबा. उकाड्यानें माणूस उठून बसतं.”

आजी गेली. आतां मामी सत्तरीच्या पुढें आहेत, त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, आणि डॉक्टरांनीं बजावलें आहे कीं, उन्हाळ्यांतल्या उकाड्याच्या रात्री या वयाला चांगल्या नव्हेत. दिवसाचा ताप शरीर सोसतें. रात्रीं तें निवालें नाहीं तर मात्र हृदयावर ओझें पडतें. म्हणजे प्रश्न चैनीचा राहिलेला नाहीं. माळवदाचा गारवा हवा, पण माळवदाचें वजन नको, असा तो आहे. मामांच्या गांवांतच नव्हे, तर भूकंपानंतर मराठवाड्यांत जीं हजारों पातळ छपराचीं घरें उठलीं, त्या सर्वांचा तो प्रश्न आहे.

आतां ऊन छपरावर किती पडतें तें पाहूं. चाकूर सुमारें साडेअठरा अक्षांशांवर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायांत नाहींशी होते. जुलैंत ढग असतात, मेमध्यें नसतात. याचा अर्थ असा कीं, ऐन उकाड्याच्या दिवसांत भर दुपारीं भिंतींपेक्षां छप्पर अधिक भाजतें. त्या वेळीं एक चौरस मीटर छपरावर सुमारें एक किलोवॅट इतकी उष्णता पडते. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर नव्वद किलोवॅट. दिवसभरांत मिळून पांचशें युनिटांच्या वर. मामांचें विजेचें बिल पाहिलें तर महिन्याला शंभर-सव्वाशें युनिटें येतात. म्हणजे चार महिने पुरेल इतकी शक्ति एका दिवसांत त्यांच्या डोक्यावर ओतली जाते, आणि तिचा उपयोग काय, तर मामींना रात्रीं जागवणें!

येथें यंत्राकडे वळूं, म्हणजे मामांच्या पहिल्या प्रश्नाचा निकाल लागेल.

आपल्या घरीं माठ आहे. माठांतलें पाणी झिरपून बाहेरच्या अंगाला येतें, तेथें त्याची वाफ होते, आणि वाफ होतांना तें माठांतली उष्णता घेऊन जातें. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालें तर सुमारें दोन तृतीयांश युनिट उष्णता त्याच्याबरोबर निघून जाते. परंतु माठाची वाफ हवेंत गेली ती गेलीच. आतां अशी कल्पना करा कीं, ही वाफ आपण नळींत पकडली, पंपानें दाबली, आणि पुन्हां तिचें द्रव करून माठांत आणून सोडली. वाफ दाबली कीं तापते. सायकलमध्यें हवा भरतांना पंपाचें बूड हाताला चटका देतें तें याचमुळें. ती तापलेली वाफ घराबाहेरच्या जाळीदार नळ्यांत नेली कीं, आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन निवते, द्रव होते, आणि पुन्हां आंत येऊन उडावयास मोकळी होते. पाण्याऐवजीं अगदीं कमी उष्णतेवर उकळणारा एखादा द्रव घेतला म्हणजे झालें. शीतकपाट तें हेंच, ए. सी. तें हेंच, आणि स्वीडनमधला उष्णता-पंपही हाच. आंतली उष्णता उपसून बाहेर टाकली तर खोली गार होते. नळ्यांची दिशा फिरवून बाहेरची उष्णता उपसून आंत टाकली तर खोली ऊन होते. तेव्हां मामेबहीणही खरी आणि मिस्त्रीही खरा. या यंत्राची कल्पना १८५२ सालीं विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनीं मांडली, तेव्हां त्यांनींही इमारती ऊन करणें व गार करणें हीं दोन्ही कामें एकाच निबंधांत घेतलीं होतीं. स्वित्झर्लंडांत झुरिकच्या नगरभवनाला १९३८ पासून नदीच्या थंडगार पाण्यांतून उष्णता उपसून ऊब दिली गेली. थंड पाण्यांतून उष्णता कशी निघाली, असें कोणी विचारील. तर बर्फांतही उष्णता असतेच, फक्त ती खालच्या पायरीवर असते.

ही पायरी नीट लक्षांत घेतली पाहिजे, कारण सारा हिशोब तिच्यावर आहे. शेतकरी श्रोत्यांना हें चटकन् पटेल. विहिरींतून पाणी उपसतांना श्रम कशावर अवलंबून असतात? पाणी किती काढावयाचें यावर, आणि किती खोलून काढावयाचें यावर. उष्णता-पंप ही उष्णतेची मोट आहे. जेथून उष्णता उचलावयाची आणि जेथें टाकावयाची, त्या दोन ठिकाणांच्या उष्णतामानांतला फरक ही त्या विहिरीची खोली. फरक थोडा, तर एका युनिट विजेंत चार-पांच युनिटें उष्णता हलते. फरक मोठा, तर दोन-अडीचच. परंतु एक गोष्ट प्रत्येक वेळीं खरी असते: साध्या विजेच्या शेगडीला एका युनिटाची एकच युनिट उष्णता देतां येते, मोट त्याहून अधिक देते, कारण ती उष्णता निर्माण करीत नाहीं, नुसती वाहून नेते.

आतां सूर्याला यांत कसा घ्यावयाचा? थंड देशांत तें अगदीं सरळ आहे. गच्चीवरचा सौर तापक, म्हणजे कांचेखालीं काळ्या पत्र्याला चिकटवलेल्या पाण्याच्या नळ्या. थंडीच्या दिवसांत तेथें ऊन क्षीण असतें, तापकांतलें पाणी पंधरा-वीस अंशांवर अडून बसतें. एवढ्या कोमट पाण्यानें खोलीही तापत नाहीं आणि आंघोळही होत नाहीं. दुसऱ्या बाजूस उष्णता-पंपाची अडचण अशी कीं, बाहेर शून्याच्या आसपास थंडी असली कीं विहीर खोल जाते. दोघे एकत्र आले म्हणजे एकमेकांची उणीव भरून काढतात. तापकानें पंधरा-वीस अंशांचें पाणी पंपाला द्यावें, म्हणजे विहिरीचें पाणी वर आलें. पंपानें तें पंचेचाळीस अंशांपर्यंत चढवावें. आणि तापकालाही फार तापावें लागत नसल्यानें त्याची उष्णता हवेंत वायां जात नाहीं. अमेरिकेंत न्यू मेक्सिको संस्थानांतील आल्बुकर्क शहरीं १९५६ सालीं एका कचेरीची इमारत या जोडीनें ऊन करण्यांत आली होती.

चाकुरास मात्र गणित उलटें आहे. आम्हांला घर ऊन करावयाचें नाहीं. डिसेंबर-जानेवारींत पहाटे गारठा पडतो, पण तो गोधडीनें भागतो. हवें असतें तें आंघोळीचें ऊन पाणी. आणि मार्च ते जून हवा असतो गारवा. येथें पुष्कळ लोक एक गोड चूक करतात. ते म्हणतात, ए. सी. जी उष्णता बाहेर टाकतो तीवर आंघोळीचें पाणी तापवावें, म्हणजे एका खर्चांत दोन कामें. यंत्रशास्त्र याला होकार देतें. पंचांग देत नाहीं! ज्या महिन्यांत खोली गार करावयाची, त्या महिन्यांत नळाचें पाणीच मुळीं ऊन येतें. आणि ज्या महिन्यांत ऊन पाणी हवें, त्या महिन्यांत खोली आपोआप गार असते. ही युक्ति शोभते ती जेथें दोन्ही गरजा रोज एकाच वेळीं असतात तेथें: इस्पितळांत, मोठ्या खाणावळींत, दूधसंकलन केंद्रांत. दूध थंड करावयाचें आणि भांडीं कढत पाण्यानें धुवावयाचीं, हें तेथें बारमाही काम आहे. घरगुती माणसानें मात्र दोन ऋतूंचीं दोन कामें वेगळीं ठेवावीं, हें बरें.

पाण्याचें काम सोपें आहे. पांच माणसांच्या घरीं थंडींत सव्वाशें लिटर पाणी बेताचें ऊन करावयास सुमारें साडेतीन युनिटें लागतात. दोन चौरस मीटरांचा सौर तापक स्वच्छ दिवशीं शंभर लिटर पाणी साठ अंशांच्या घरांत नेतो. त्यांत गार पाणी मिसळलें कीं सर्वांचें भागतें. वीजही नको, लाकूडही नको. थंडींत मराठवाड्याचें आकाश निरभ्र असतें, म्हणजे गरज आणि ऊन एकाच ऋतूंत येतात. मामांनीं हें एक साधन निःशंकपणें बसवावें.

गारव्याचें काम मात्र विचाराचें आहे. उन्हानें थंडी करावयाच्या वाटा दोन. पहिली वाट थेट उष्णतेची. दाबयंत्राऐवजीं उष्णतेच्याच जोरावर वाफ हलवावयाची. १८७८ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत ऑग्युस्तें मूशो या फ्रेंच गृहस्थानें आरशानें ऊन एकवटून बर्फाचा गोळा काढून दाखविला होता. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं आपल्या मुंबईंत विल्यम अॅडम्स नांवाच्या सरकारी अंमलदाराचें ‘सौर उष्णता’ या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झालें. उष्ण देशांत जळणाऐवजीं ऊन वापरावें असें त्याचें म्हणणें होतें. कुलाब्यास सपाट आरसे मांडून त्यानें पाण्याची वाफ केली आणि तीवर अडीच अश्वशक्तीचें एंजिन चालवून दाखविलें. या वाटेनें पुढेंही काम झालें. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीनें हरियाणांत ग्वालपहाडी येथील सौर ऊर्जा केंद्रांत २०११ सालीं उन्हाच्या उष्णतेवर चालणारें शंभर किलोवॅटचें शीतयंत्र उभारलें. परंतु अशा यंत्राला आरसे लागतात, पाण्याचा मनोरा लागतो, देखरेखीला माणूस लागतो. मोठ्या इमारतींना तें ठीक. मामांच्या एका खोलीसाठीं तें म्हणजे मुंगीवर पर्वत.

दुसरी वाट विजेची. सौर पत्रे उन्हाची वीज करतात, ती वीज उष्णता-पंप चालविते. साधी ए. सी. ची मोट एक टनाची घेतली, तर ती तासाला साडेतीन युनिटें उष्णता बाहेर टाकते. हा टन म्हणजे यंत्राचें वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढा गारवा देईल तेवढा, असा जुन्या बर्फवाल्यांचा हिशोब आहे. चांगल्या प्रतीचें यंत्र, खोली बंद आणि मागणी बेताची असली, तर रोजच्या आठ तासांना पांच-सहा युनिटें वीज पुरते. आमच्या भागांत एक किलोवॅटचे सौर पत्रे वर्षाच्या सरासरीनें दिवसाला सुमारें चार युनिटें देतात. तेव्हां दोन किलोवॅटांत ए. सी., पंखे आणि दिवे यांचें भागावें. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत पहिल्या दोन किलोवॅटांना दर किलोवॅटमागें तीस हजार रुपये, आणि तीन किंवा अधिक किलोवॅटांना एकूण अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान ठरविण्यांत आलें.

कोणी म्हणेल, याहून कूलर काय वाईट? वाईट मुळींच नाहीं. कूलर म्हणजे पंखा लावलेला माठ. वीज थोडी खातो, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेंत काम उत्तम करतो. पण तो पाणी पितो. एक टनाइतका गारवा हवा असेल तर तासाला पांच लिटरांच्या वर, दहा तासांना पन्नास लिटर. ज्या लातुराला एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेथें ऐन उन्हाळ्यांत हीं पन्नास लिटरें कोठून आणावयाचीं? उकाडा जेव्हां सर्वांत अधिक, तेव्हांच आमच्याकडे पाणी सर्वांत कमी. आणि मृगाच्या आधीं हवा दमट झाली कीं कूलर घाम वाढवितो. पाणी असेल त्यानें कूलर खुशाल ठेवावा. नसेल त्यानें ऊन वापरावें, कारण उकाडा आणि ऊन हीं बरोबर येतात. ज्या दिवशीं गारवा अधिक हवा, त्या दिवशीं छपरावर वीजही भरपूर. निसर्गानें मागणी आणि पुरवठा एकाच दिवशीं पाठविला आहे.

तरीही घाईनें ए. सी. विकत आणूं नये. आधीं छप्पर, मग यंत्र. स्लॅबला चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरें छप्पर पुष्कळसें ऊन परतवून लावतें. मग सौर पत्रे स्लॅबला चिकटवून न टाकतां तीन-चार फूट उंच मांडवासारखे उभारावे, म्हणजे खालून वारा खेळेल. येथें त्या पत्र्यांचा दुसरा आणि माझ्या मतें मोठा गुण दिसतो. ते वीज देतात तें तर खरेंच, पण ते सावलीही देतात. कॅलिफोर्नियांत सॅन डिएगोच्या विद्यापीठांत २०११ सालीं मोजून पाहिलें, तेव्हां पत्र्यांखालचें छत दिवसां उघड्या छपराखालच्या छतापेक्षां सुमारें तीन अंशांनीं थंड निघालें. आणि वजन? दहा फूट लांब-रुंद जागेवर माळवदाची माती सहा टनांहून अधिक. तेवढ्याच जागेवरचे सौर पत्रे सांगाड्यासह दीडशें-दोनशें किलोंच्या घरांत. आजीला ज्या वजनाची धास्ती होती तें गेलें, आणि सावली राहिली. मामांना मीं हेंच सांगितलें: “मामा, तुम्ही पुन्हां माळवद घालीत आहां असें समजा, फक्त या वेळीं तें कांचेचें आहे.”

आतां या संसारांतले खटके लपवून ठेवूं नयेत. पहिला खटका वेळेचा. सूर्य वीज देतो दुपारीं, आणि मामींना झोप हवी रात्रीं. याला दोन तोड आहेत. महावितरणच्या दुहेरी मीटरवर दुपारची जास्त वीज जमा करून रात्रींच्या खर्चांत वळती करतां येते. दुसरी तोड अधिक शहाणपणाची: खोली रात्रीं दहाला गार करावयास बसूं नये, दुपारीं, पत्रे भरपूर वीज देत असतां, दोन-तीन वाजल्यापासूनच ती गार करीत आणावी. छपरावर सावली आहे, तेव्हां स्लॅब आणि भिंती गार होतात, आणि तो गारवा धरून ठेवतात. जी जड भिंत ऊन सांठवून माणसाला छळते, तीच गारवा सांठवून त्याला निजवते.

दुसरा खटका लाईनीचा. पुष्कळांची समजूत असते कीं, छपरावर पत्रे आहेत, आतां वीज गेली तरी चिंता नाहीं. साध्या जोडणींत ही समजूत खोटी ठरते. गांवची लाईन गेली कीं छपरावरचें यंत्रही आपणहून बंद पडतें. तें तसें मुद्दाम केलेलें असतें, नाहीं तर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला धक्का बसेल. वीज गेल्यावरही यंत्र चालावें असें वाटत असेल तर बॅटरीसह वेगळी रचना घ्यावी लागते, आणि तिचा खर्च वाढतो. आमच्या एका स्नेह्यांना बसवणाऱ्यानें हें आधीं सांगितलें नाहीं. पहिल्याच वादळाच्या रात्रीं त्यांना तें कळलें. विकत घेणारानें हा प्रश्न आधींच विचारावा.

तिसरा खटका वाऱ्याचा आणि भूकंपाचा. वैशाखांत अवकाळी वादळ येतें तें पत्र्याचीं छपरें उडवून नेतें. तेव्हां सांगाडा कॉलमच्या लोखंडाशीं पक्का बांधलेला असावा. सौर तापकाची शंभर लिटरांची टाकी पाण्यासह दीडशें किलो भरते. ती विटांवर नुसती टेकवून ठेवणें, हें भूकंपाच्या प्रदेशांत दार उघडें टाकून झोपण्यासारखें आहे. टाकी कॉलमच्या डोक्यावर यावी आणि बोल्टांनीं जखडावी.

चौथी गोष्ट मोटेच्या विहिरीची. यंत्राचा बाहेरचा भाग पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर लावला तर विहीर आपण स्वतःच खोल करतों. तो उत्तरेच्या सावलींत असावा. आणि आंतला कांटा अठरावर आणणें म्हणजे चाकुरांत स्वीडन आणण्याचा हट्ट. सव्वीस-सत्तावीस अंश आणि वर हलका पंखा, एवढ्यांत मनुष्याला शांत झोप लागते, आणि विजेचा खर्च पुष्कळच कमी होतो. २०२० च्या जानेवारीपासून आपल्या देशांत विकावयाच्या ए. सी. यंत्रांचा कांटा आरंभीं चोवीसवर ठेवण्याचा नियम झाला, तो याच कारणानें. सबंध घरही गार करूं नये. एक खोली, घट्ट दारें, जाड पडदे, आणि घरांतली म्हातारीं नि तान्हीं तेथें.

एवढें सगळें ऐकून मामा मला म्हणाले, “म्हणजे आधीं चुना, मग मांडव, मग यंत्र.” मीं म्हटलें, “होय मामा, याच क्रमानें. आणि चुन्यानें नि मांडवानेंच भागलें, तर यंत्र आणूंच नका.” माझ्या सांगण्याचें सार याहून वेगळें नाहीं. उन्हाशीं भांडून आमच्या पूर्वजांनीं गारवा मिळविला, आणि त्यासाठीं डोक्यावर टनावारी माती घेतली. आपल्याला उन्हालाच कामाला लावून तो गारवा मिळवितां येतो, आणि डोक्यावरचें ओझें उतरवितां येतें. त्यासाठीं पैसा लागतो, हें खरें. आणि तो ज्याच्यापाशीं नाहीं त्याच्या पत्र्याच्या छपराचें काय, हा प्रश्न माझ्या या हिशोबानें सुटत नाहीं. निदान चुना आणि सावली त्याच्या घरापर्यंत पोंचवणें नगरपंचायतींना आणि ग्रामपंचायतींना अवघड नाहीं; त्याला यंत्रही लागत नाहीं आणि लाईनही लागत नाहीं.

मामांच्या स्लॅबला चुना लागला आहे. मांडवाचें माप घेऊन झालें आहे. परवां मामींचा फोन आला होता. त्यांनीं एकच विचारलें: “त्या पत्र्यांखालीं सावली पडेल ना रे? मग संध्याकाळीं वर खाट टाकतां येईल.” माळवदावर निजणाऱ्या पिढीला गच्ची परत मिळते आहे, हें माझ्या हिशोबांत राहून गेलें होतें.